एकोणीस नोव्हेंबरचं पान

"इथी पेन कायले थांबलं?"

बाबांचं बोट वहीवर होतं. निनाद समोर मांडी घालून बसला होता. त्याने वाकून पाहिलं आणि हसला.

"थांबलं असेल, बाबा. विचार करायला."

"इचार करणारा पेन उचलते. तू टेकवून ठेवलं."

निनादचं हसू थोडं कमी झालं.

सारंगधरबाबा आमच्या मठाचे महंत. पूर्णेकाठचा हा लहानसा मठ. आत काय आहे म्हणाल, तर साडेतीनशे हस्तलिखित पोथ्या आणि त्यांना वाळवी लागू नये म्हणून धडपडणारे आम्ही चारपाच जण. बाबांचा जन्म पोथ्या उतरवण्यात आणि दुसऱ्यांनी उतरवलेल्या तपासण्यात गेला. तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला कोणत्या ओळीवर झोप आली आणि कोणत्या ओळीवर भूक लागली, हे ते अक्षरावरून सांगतात. आधी आम्हाला ती थट्टा वाटायची. मग सवय झाली.

निनाद गावंडे गावातलाच. दहाव्या वर्षापासून सुट्ट्यांमध्ये बाबांकडे अक्षर गिरवलेला. पुढे पुण्याला आर्किटेक्चर शिकायला गेला आणि तिथून एका सत्रासाठी थेट ऑस्ट्रियात, ग्राझ नावाच्या शहरात. निघताना बाबांनी त्याला एक वही, एक शाईचं पेन आणि एक नियम दिला. रोज एक पान लिहायचं, आणि पान सुरू केलं की पुरं होईपर्यंत उठायचं नाही. पोथी उतरवणाऱ्यालाही आमच्याकडे हाच नियम आहे.

त्याने तो पाळला. पाच महिन्यांत चौदा शहरं पाहिली आणि एकही दिवस चुकवला नाही. नागपूरच्या एका प्रकाशकाने ती वही पुस्तक म्हणून छापायला घेतली. सोमवारी छपाई सुरू होणार होती.

अडलं होतं ते एवढ्यावरच. आमच्या मठात शिकलेल्या माणसाचं लिहिणं बाहेर जायचं, तर बाबा शेवटच्या पानावर आपल्या हाताने दोन शब्द लिहितात. 'पाहिलं. खरं.' पोथीची नक्कल मुळाशी ताडून झाली की लिहायचे तेच हे शब्द. त्याशिवाय वही कोणी बाहेर नेलेली नाही. निनादने तर हे दोन शब्द पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापा, असं प्रकाशकाला कधीच सांगून टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात, ती गत.

परदेशातून आलेल्या माणसाचं पहिले आठ दिवस नव्या जावयासारखं सगळं ऐकून घ्यावं लागतं. आम्हीही ऐकलं. व्हेनिसचं पाणी ऐकलं, प्रागचे पूल ऐकले, बर्फातसुद्धा गाड्या मिनिटावर कशा सुटतात ते दोनदा ऐकलं. बाबा मात्र दोन दिवस वही वाचत होते. त्याने पुढे केलेली छापील कच्ची प्रत त्यांनी उघडलीदेखील नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला बोलावलं आणि आल्याआल्याच ते पेनाचं विचारलं. मी भिंतीशी बसून एका पोथीची पानं शिवत होतो.

"वाच," बाबा म्हणाले. "एकोणीस नोव्हेंबर."

निनादने वही हातात घेतलीच नाही. त्याला ते पान पाठ होतं.

"'इथे घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, माणसं नाहीत. माझ्या मजल्यावर बारा दारं आहेत. दीड महिना झाला, पण इथे कोणी कोणाचं दार वाजवत नाही. आपल्याकडे दार असतं ते उघडायला. इथे ते बंद करायला असतं. मी माणसांच्या गावाहून दारांच्या गावी आलो आहे.'"

छान म्हणाला तो. माझी सुई थांबली होती. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

"प्रकाशक म्हणतात, पुस्तकाचं नाव यावरूनच ठेवू," निनाद म्हणाला. "दारांचं गाव."

"चांगलं हाये," बाबा म्हणाले.

निनाद सैलावून बसला.

"'कोणी कोणाचं' लिवलं आन् थांबला. 'दार' लिवलं आन् थांबला. 'वाजवत' अर्धं लिवून थांबला. तीनही खेपेस पेन कागदावर टेकलेलंच. शाई तठीच साकळली. अख्ख्या वहीत असं दुसऱ्या पानावर नाई. पेन टेकवून कोण थांबते, ठाऊक हाये?"

"कोण?"

"जो आयकते तो."

निनादने मांडी बदलली.

"काय आयकत होतास?"

निनादने वही मिटायला हात पुढे केला.

"निनाद."

"बाबा, सोमवारी छपाई आहे." त्याचा आवाज चढला. या मठात तो असा कधी बोललेला मी ऐकला नव्हता. "चौदा शहरं पाहिली मी. तापातसुद्धा पान लिहिलं, रेल्वेत उभ्याने लिहिलं. तुम्ही चाळीस वर्षांत वऱ्हाड सोडून कुठे गेला नाहीत, म्हणून मी प्रत्येक रस्ता तुम्हाला दिसेल असा लिहिला. आणि तुम्ही तीन ठिपक्यांवर अडलात."

बाबा रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत, आणि तेच मला बरं दिसेना.

"चौदा शहरं म्या नाई पाह्यली, बापा. तू म्हणतं तर असतीन. हे तीन ठिपके म्या पाह्यले."

बाहेर वळचणीला पारवे घुमत होते.

"दार वाजत होतं," निनाद म्हणाला.

"कोनाचं?"

"माझं."

...

मग तो सांगू लागला. वहीतल्यासारखं नाही, अडखळत.

समोरच्या खोलीत दावित नावाचा मुलगा राहायचा. जॉर्जिया देशातला. निनाद पोचला त्या आठवड्यात त्याची पेटी विमानात हरवली होती. दावितने स्वतःची रजई आणून दिली आणि तीन दिवस आपल्यातलं जेवण दिलं. त्याला निनाद म्हणता यायचं नाही, निनो म्हणायचा.

"त्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले असतील. तिकडे तेव्हा अंधारून येतं. मी नुकतंच पान सुरू केलं होतं. दार वाजलं. दावित सपाट हाताने वाजवतो, मला कळलं तोच आहे. चहाला बोलवत असेल म्हणून गप्प राहिलो."

"मंग?"

"मग पुन्हा वाजलं. निनो, म्हणाला."

"मंग?"

"तिसऱ्यांदा वाजलं असं म्हणता येणार नाही. नुसता हात ठेवला त्याने दारावर. नंतर तिथेच उभा होता. दाराखालून सावली दिसत होती मला."

"किती येळ?"

"पान होईपर्यंत."

मी पोथी खाली ठेवली. शिवणं आता शक्यच नव्हतं.

"पान झाल्यावर दार उघडलं. कोणी नव्हतं. सकाळी त्याची खोली रिकामी होती. स्वयंपाकघरात बाकीच्या मुलांकडून कळलं. दुपारी त्याला घरून फोन आला होता. आई गेली. विमान पहाटेचं होतं. तोवर त्याला कोणाजवळ तरी बसायचं होतं."

"आन् तवा तू लिवत होतास, का इथी कोणी कोणाचं दार वाजवत नाही."

निनादने मान खाली घातली.

"नंतर त्याच्याशी बोललास?"

"तो परत आलाच नाही. सत्र सोडलं त्याने. मी आज फोन करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. आठवडा गेला, मग महिना गेला. मग कोणत्या तोंडाने करणार?"

बाबांनी बोट त्या पानावर परत ठेवलं. त्यामुळेच असेल, निनाद एकदम उसळला.

"आणि नियम तुमचा होता, बाबा. पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. मी उठलो नाही. तुम्ही सांगितलं तेच केलं."

अकरा वर्षं मी या मठात आहे. बाबांना असं कोणी तोंडावर सांगितलेलं मी पाहिलं नाही. आणि मुलगा खोटं बोलत नव्हता. याच नियमाने मीही एकदा दुपारभर बसून राहिलो होतो आणि बहिणीला निरोप द्यायला पोचलो नव्हतो. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांचा चेहरा उतरला. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, लिहून लिहून बोटं वाकडी झालेल्या.

"हो," ते म्हणाले. "नियम माहाच."

...

"पण तू नियमासाठी बसून राह्यलास?"

निनाद वहीची कड नखाने खरवडू लागला.

"सांग."

"नाही," तो म्हणाला. "वाक्य चांगलं जमत होतं. उठलो असतो तर गेलं असतं."

मला माझीच लाज वाटली. मघाशी त्याच वाक्याला मी मनातल्या मनात मान डोलावली होती.

निनादने वही ओढली आणि त्या पानाचं टोक चिमटीत धरलं. "काढून टाकतो हे पान. पुस्तकातूनही काढायला सांगतो."

बाबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "चुकलेलं पान फाडत नाई आपण. ज्याले उघडं पडाचं भेव वाटते तोच फाडते."

"मग त्याच्याच खाली खरं काय ते लिहितो. सगळं लिहितो, दावितचं, दाराखालच्या सावलीचं. वर ते वाक्य असंच ठेवायचं. आणि खाली..."

बोलता बोलता त्याची मान वर आली. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हलू लागले होते. वाक्य जुळत होतं. मी पाहिलं, बाबांनीही पाहिलं.

"मंग तं पान आणखीनच चांगलं होईन," बाबा म्हणाले.

निनादचे ओठ थांबले.

कोणीतरी कानाखाली वाजवावी तसा तो बसून राहिला. मारलेलं परवडलं असतं, असं मला वाटून गेलं. बावीस वर्षांचा मुलगा. चुकला, पण गुन्हेगार नव्हता.

"मग मी करू तरी काय, बाबा?" तो म्हणाला. "ठेवलं तर खोटं. फाडलं तर भित्रा. खरं लिहिलं तर त्याचंही पुस्तक होतंय. तुम्हीच सांगा. लिहिणार नसाल तर तसं सांगा, मी प्रकाशकाला नाही म्हणून कळवतो."

बाबांनी वही आपल्याकडे ओढली. शेवटचं पान उघडलं. ते कोरं होतं. खिडकीतलं पेन घेतलं, टोपण काढलं, आणि निब कागदाच्या वर दोन बोटांवर आणून धरली.

निनाद निबेकडे पाहत होता. मीसुद्धा.

"लिवतो," बाबा म्हणाले. "आधी त्याले फोन लाव."

"कोणाला?" विचारता विचारताच निनादला कळलं. "आत्ता?"

बाबांनी मान वर केली नाही. निब तशीच धरलेली.

"चार महिने झाले, बाबा. मी काय म्हणू त्याला?"

निनादने खिशातून फोन काढला. दावितचं नाव शोधायला त्याला बराच वेळ लागला. इतक्या दिवसांत ते पार खाली गेलं होतं. मग त्याने अंगठा टेकवला, आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

घंटी वाजू लागली.

आम्ही तिघंही त्या फोनकडे पाहत होतो. मी त्या मुलाला कधी पाहिलेलं नाही, त्याचा देश नकाशात कुठे आहे तेही मला ठाऊक नाही, तरी त्याने उचलावं म्हणून मी देवाला हात जोडले.

घंटी वाजली, वाजली, आणि आपोआप बंद झाली.

निनादने न सांगता पुन्हा लावला. या वेळी त्याने फोन हातात घेतला आणि तोंडाजवळ धरला. पलीकडे अजून कोणी नव्हतं, तरी तो हळूच म्हणाला, "दावित."

घंटी शेवटपर्यंत वाजली.

"उचलत नाही," तो म्हणाला.

बाबांच्या हातातलं पेन जागचं हललं नव्हतं. त्यांनी ते कागदावर टेकवलंही नाही आणि खालीही ठेवलं नाही.

"तिकडे दुपारचे दीड वाजलेत, बाबा. जागा असेल. फोन जवळच असेल त्याच्या." निनादच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं. "माझं नाव दिसत असेल त्याला."

"दिसत असन."

"मग उचलत का नाही?"

"लिवत असन," बाबा म्हणाले.