खंडेनवमीचं लेथ मशीन

बावीस वर्षं कारखान्यात टर्नर असलेल्या सगुणाबाई माळवदेंना घरच्या शेडसाठी परवडेल असं लेथ मशीन हवं होतं. जुन्या यंत्रांचे व्यापारी तात्याशेठ यांनी ताज्या हिरव्या रंगाचं एक दाखवलं आणि भाव मात्र नव्याचा सांगितला.

“बाई, आधीच्या मालकाने यावर कामच केलं नाही. खंडेनवमीला पूजा तेवढी करायचा.”

सगुणाबाईंनी टूल सरकतं त्या पट्टीवरून नख फिरवलं. काम पकडून फिरवणाऱ्या चकजवळ ते झिजेच्या खाचेत अडकलं.

“शेठ, नुसत्या हळदीकुंकवाने लोखंड एवढं झिजलं. मी काम सुरू केल्यावर दिवाळीपर्यंत तरी टिकेल का?”

“न टिकायला काय झालं?” शेठ उसळले. “तीस वर्षं तीन पाळ्यांत चाललंय ते.”

“मग घेते,” बाई म्हणाल्या. “आता भावही तीस वर्षांचा सांगा.”