चुना लावलेलं मडकं

मडक्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. शिंदीच्या झाडावर रस धरायला दोन मडकी टांगली होती. धाकट्याला हौसाबाईनं आतून चुना फासला होता.

"फसलंस की रे! बाईनं तुला चक्क चुना लावला!" थोरलं खदाखदा हसलं. धाकटं हिरमुसलं, पण थेंब थेंब रस धरत राहिलं.

सकाळी मडकी उतरली. थोरल्यातला रस फसफसून आंबला होता. हौसाबाईची चिमुरडी तिकडेच धावली, तशी आईनं तिला मागं ओढलं. "ती ताडी झाली गं, बाळा!" म्हणत तिनं चुन्यामुळे गोड राहिलेली नीरा लेकीच्या ओठांना लावली. पोर मिटक्या मारत धाकट्याला बिलगली.

 मग थोरलं हळूच म्हणालं, "धाकट्या, बाईला सांग ना, उद्या मलापण चुना लावायला!"