शिंपिणीची अर्धी गोधडी

माणसांना सुई ठाऊक नव्हती तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर एक शिंपीण पक्षीण राहायची. तिची चोच टोकदार होती आणि टाका इतका बारीक, की शिवण दिसतच नसे.

थंडीआधी तिने पिल्लांसाठी गोधडी शिवायला घेतली. ती निम्मी झाली नाही तोच तिला सावरीचा कापूस दिसला, म्हणून तिने उशी सुरू केली. उशीचं तोंड उघडंच राहिलं, कारण मध्येच पळसाच्या पानावर वेलबुट्टी काढायची हौस आली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सगळा पसारा दाखवी. "हेही घेतलंय, तेही घेतलंय. मला बाई रिकामं बसवतच नाही!"

"पुरं काय केलंस, ते दाखव की," शेजारची कावळी म्हणाली.

"तुला कलेतलं काय कळणार!" शिंपिणीने मान उडवली.

मग कडाक्याची थंडी पडली. अर्ध्या गोधडीखाली एका पिल्लाला झाकलं, की दुसरं उघडं पडे. शेवटी दोघंही कुडकुडत कावळीच्या घरट्यात शिरली. तिचं पांघरूण म्हणजे गवत आणि वाळक्या सालींचा ओबडधोबड जाड थर होता, पण त्याखाली दोघंही मावली आणि झोपून गेली.

शिंपीण त्यांना शोधत आली. पिल्लं उबेत पाहून तिला हायसं वाटलं. मग तिची नजर पांघरुणावर गेली.

"शी! याला एकही टाका नाही!" ती म्हणाली. "थांब, तुला मी छान गोधडी शिवून देते. आजच सुरू करते."

कावळीने पांघरूण पिल्लांच्या गळ्यापर्यंत ओढून घेतलं.