कपारीतला नातू

डोंगरात माणसांच्या पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका खोऱ्यात नांद्रुकीचं म्हातारं झाड होतं. तिच्या लेकीचं फळ खाऊन धनेश पक्षी उडाला आणि त्यातलं बी घाटापलीकडं पडलं. तिथं तिचा नातू उगवला.

नांद्रुकीचा बुंधा आतून पोकळ होत चालला होता. नातवाला बघणं काही नशिबी नव्हतं. निदान त्याचं भलं व्हावं, म्हणून ती दरवर्षी धनेशाकरवी निरोप धाडी, "मुळं सरळ खोल सोड म्हणावं, मग वारा काही करणार नाही." नातवाकडून मात्र चकार शब्द येत नसे.

चौथ्या वर्षी तिला राहवेना. "विसरला का रे तो मला?"

धनेश फांदीवरून तिच्या बुंध्याजवळ सरकला. "आजी, तो कातळाच्या कपारीत उगवलाय. खोल जायला माती नाहीच तिथं. तुझा निरोप ऐकला, की बिचारा मान खाली घालतो."

नांद्रुकीचं पानसुद्धा हललं नाही. इतकी वर्षं आपण नुसतं सांगतच राहिलो; लेकरू कुठं उभं आहे, हे कधी विचारलंच नाही.

"या खेपेला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "सकाळचं ऊन त्याच्याकडं कुठून येतं, एवढंच विचारून ये."

धनेश परतला, तेव्हा तिच्या निम्म्या फांद्या वाळल्या होत्या.

"खालून येतं म्हणाला. कड्याखाली तळं आहे, त्यातून उजळत वर येतं."

नांद्रुकी ते ऊन मनात साठवत राहिली.

"आणि आजी, त्यानं विचारलंय, तुझ्याकडं कुठून येतं?"