गोट्यांचा ढीग आणि चंद्रीचा खांदा

फार वर्षांमागे एका मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाला पोहण्याचं भारी वेड होतं. दरसाल पावसाळा सरला की आसपासच्या गावांची पोरं नदी पार करायची शर्यत लावत. ती आपणच जिंकली पाहिजे म्हणून या गावाने एक रीत पाडली होती. डोहात एक फेरी मारून झाली की काठावर आपल्या घरच्या ढिगात एक गोटा टाकायचा. ज्याचा ढीग उंच, तो पट्टीचा पोहणारा. फेरी कशी मारली, हे कोणी विचारायचं नाही. गोट्याला काय, सगळ्या फेऱ्या सारख्याच!

त्या गावात एक नावाडी होता. त्याची मुलगी चंद्री पाण्यात उतरली की लोक हातातलं काम सोडून बघत राहायचे. नावाड्याला वाटलं, हिचा ढीग गावात सगळ्यांत उंच झाला पाहिजे. रोज उजाडायच्या आत तो तिला डोहात उतरवायचा आणि ओठ निळे पडेपर्यंत बाहेर येऊ द्यायचा नाही.

एकदा चंद्री म्हणाली, “आबा, आज पहिल्या काही फेऱ्या झकास झाल्या. पाणी हाताने कसं मागे लोटायचं ते कळलं मला. नंतर मात्र मी नुसतेच हात आपटत होते.”

“मग?”

“मग तेवढ्यावर थांबू दे ना. दमलं की हात चुकीचा पडतो, आणि तोच अंगवळणी पडतो.”

नावाडी हसला. “झकास फेरीला दोन गोटे मिळतात काय गं? चल, उतर!”

पुढे तिचा उजवा खांदा दुखायला लागला. वेणी घालायलासुद्धा हात वर जाईना, तेव्हा आई तिची वेणी घालू लागली. आई नवऱ्याला म्हणाली, “अहो, पोरीचा हात बघा तरी. चार दिवस घरी बसू द्या तिला.”

“शर्यत तोंडावर आली आणि घरी बसू द्या? शेजारच्यांचा ढीग बघितलास का? दुखतोय म्हणजे खांदा तयार होतोय.”

आई गप्प बसली. तिने गप्प बसायला नको होतं, पण बसली. आता चंद्रीची एकही फेरी धड होत नव्हती. उजवा हात पाण्याबाहेर अर्धाच यायचा, अंग वाकडं व्हायचं. ढीग मात्र वाढत होता, आणि येणारेजाणारे वाहवा करत होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती रडकुंडीला आली. “आबा, आज नको. एक दिवस सोड मला. उद्या मी जीव तोडून पोहीन.”

पण शेजारच्यांचा ढीग अजून जरासा उंच होता. नावाड्याने डोहाकडे बोट दाखवलं, आणि चंद्री पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली. प्रत्येक पोहणाऱ्यामागे त्याच्या घरची होडी होती. नियम असा की, पोहणाऱ्याने हात वर केला तरच होडीने जवळ जायचं. त्याआधी गेली, तर शर्यत बाद. दुखरा खांदा रेटत, जीव तोडून पोहत निम्म्या नदीपर्यंत चंद्री सगळ्यांच्या पुढे होती. नावाडी होडीतून ओरडत होता, “शाब्बास पोरी! मार हात!”

मधल्या धारेत तिचा खांदा निखळला. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. नावाडी वल्हं थांबवून बघत राहिला. हात वर आला नाही, म्हणजे पोरीत अजून दम आहे, असं त्याला वाटलं. डाव्या हाताने ती कसंबसं तोंड पाण्यावर धरत होती, आणि उजवा हात वर जातच नव्हता.

ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने उडी टाकली. पण तोवर धारेने पोर नेली होती. खालच्या वळणावर ती सापडली, तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

लोक सांत्वनाला आले आणि म्हणाले, “नशीब एकेकाचं!”

“कसलं नशीब घेऊन बसलात!” नावाडी ओरडला. “ती रोज सांगत होती. मला ऐकू येत होतं सगळं.”

निम्म्या नदीपर्यंत त्याचीच पोर पुढे होती, हे लोकांच्या लक्षात होतं, म्हणून पुढच्या साली त्यांनी आपली पोरं त्याच्याकडे शिकायला आणली. तो थोडंच पोहायला लावायचा, आणि हात ढिला पडला की म्हणायचा, “बास, वर ये.” लोक चिडले. पोरगी गेल्यापासून याचं मन खचलंय, असं म्हणून ते पोरांना दुसरीकडे घेऊन निघाले.

चंद्रीची आई दारातून कळवळून म्हणाली, “अगं बायांनो, पोरांना कुठं दुखतंय, एवढं तरी विचारा!”

कोणी मागे वळून बघितलं नाही.

तात्पर्य, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढंच: किती केलं हे कोणीही मोजतं, कसं केलं हे बघायला जवळ बसावं लागतं. थकल्या अंगाला हाकत राहिलात, तर ते चुकाच शिकतं, आणि एक दिवस मोडतं.