साहेबांचा दुसरा कप

खडकवाडीची शाळा कधीच पाडली, पण सगुणाला ती तपासणीची सकाळ अजून आठवते. चाचणीत ‘आपल्याला दूध कोण देते?’ या प्रश्नाला सगळ्या वर्गानं ‘शेळी’ लिहिलं होतं. साहेबांना ‘गाय’ हवी होती.

“सगळ्यांची चूक एकच, म्हणजे ही कॉपी. शाळेचा निकाल रद्द,” साहेब म्हणाले. शेडगे गुरुजींनी मान खाली घातली.

कधी न बोलणारी सगुणा उठली. “साहेब, आमच्या वाडीत गायच नाही.”

“म्हणून दूध शेळीचं होतं का गं?”

“मघाशी तुम्ही दुसरा कप मागून प्यायलात, तो चहा आमच्या शेळीच्या दुधाचा होता.”

साहेबांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि सगळ्यांना गुण दिले.

शहरात सगुणा आता गाईच्या दुधाचा चहा पिते. दुसरा कप मात्र तिला कधी मागावासा वाटत नाही.