चंपूबाईचे बोंबील
खुर्ची मिळाली की काहींना आपलं नाकही सरकारी वाटू लागतं.

चंपूबाई तांडेलच्या गच्चीची भिंत पाडायची नोटीस बांधकाम अपील समितीनं रद्द केली. पण अध्यक्ष परुळकरांचा बंगला तिच्या शेजारीच. नाक मुरडत ते पुढे म्हणाले, "गच्चीवर बोंबील वाळवायचे नाहीत. हा समितीचा आदेश!"

चंपूबाईचं घर बोंबलांवरच चालायचं. तरी हात जोडून ती म्हणाली, "बरं साहेब. मग तुमचं पहाटेचं गाणंही समितीनं बंद करावं. आमच्या कोंबड्यानं आरवणं सोडलंय."

सभागृहात खसखस पिकली. परुळकर लालबुंद झाले. "गाणं म्हणजे काय बांधकाम आहे? कायद्यानं समितीला फक्त बांधकामापुरते अधिकार आहेत!"

चंपूबाईनं पदर खोचला. "मग साहेब, माझे बोंबील तरी कुठे सिमेंटचे आहेत?"